प्रस्तावना: दागिन्यासोबतची चिठ्ठी

सराफाच्या पेढीवर घेतलेला दागिना अजूनही अनेक ठिकाणी पातळ गुलाबी कागदात गुंडाळून हाती येतो. कागदावर बहुधा काही छापलेलं नसतं, असलंच तर पेढीचं नाव. सोबत एखादा कापडी बटवा किंवा मखमली अस्तराची डबी, आणि पावती. एवढ्यावर भागतं, कारण उरलेलं सगळं पेढीच सांगून चुकलेली असते. आजेसासूबाईंच्या पाटल्या इथल्याच, वजनात कधी गुंजभर फरक निघाला नाही, मोडीला घट किती धरतात हे घरात सगळ्यांना पाठ. दागिन्याला दोऱ्याने बांधलेली ती बारकी चिठ्ठी गिऱ्हाइकासाठी नसतेच. तिच्यावर वजन आणि दुकानदाराला कळेल अशी खूण, की झालं.

घरी दागिने करणाऱ्यांच्या मागे अशी पेढी नसते. डोंबिवलीत स्वयंपाकघराच्या ओट्यावर खणाच्या तुकड्यांची कानातली तयार होतात आणि नांदेडची कोणी मोबाइलवर फोटो पाहून ती मागवते. दोघी एकमेकींना ओळखत नाहीत, पुढे ओळख होईल असंही नाही. भीमथडी जत्रेत किंवा महालक्ष्मी सरसच्या गर्दीत गाठ पडली तरी ती पाच मिनिटांची. घरी आल्यावर पिशवीतून निरनिराळ्या स्टॉलांवरच्या पुड्या निघतात आणि कुठली कोणाची, हे पुडीशिवाय कोणी सांगू शकत नाही. पेढीने तीन पिढ्यांत कमावलेलं काम इथे तीन इंची कार्डाला आणि एका खोक्याला करावं लागतं. हे पुस्तक त्या कार्डाविषयी आणि खोक्याविषयी आहे.

या विषयावर बोलायला बसलं की पहिला प्रश्न हमखास लोगोचा. कमळ घेऊ की मोर, सोनेरी फॉइल शोभेल का, नाव मराठीत ठेवू की इंग्रजीत. दुसरा रंगाचा. न्यूयॉर्कच्या टिफनी कंपनीची निळी डबी कोणीतरी आठवतंच. ती कंपनी १८३७ सालची. तिचा तो निळा १८४५च्या सूचीपत्रापासून चालत आला आणि १९९८ साली तो व्यापारचिन्ह म्हणून नोंदवला गेला. दीडशे वर्षं एकच रंग लावून धरल्यावर तो ओळखीचा होणारच. आपल्याकडे मात्र त्या निळ्याच्या जवळपासच्या तयार डब्या घाऊक बाजारातून येतात आणि एका रांगेतल्या चार स्टॉलांवर तीच डबी दिसते. म्हणून या पुस्तकात लोगो आणि रंग यांची पाळी मुद्दाम उशिरा येते. दागिना कशाचा आहे, तो कशाने बिघडतो आणि त्याच्याबद्दल खरं काय सांगायचं आहे, हे ठरल्याशिवाय चित्रकाराकडे जाण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी बिघडण्याचं पाहू. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे. हवेत ती अगदी थोडी असतात, पण चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढायला तेवढी पुरतात. गंधक हवेतूनच येतं असं नाही. ते रबरात असतं, लोकरीत असतं, हलक्या कागदात, पुठ्ठ्यात आणि काही गोंदांत असू शकतं. पैंजणांची जोडी सुटू नये म्हणून रबरबँड लावून ठेवून दिली, तर काही आठवड्यांनी रबर जिथे टेकलेलं होतं तेवढाच काळा पट्टा उमटलेला सापडतो. बाकीचं पैंजण तसंच लखलखीत. त्या पट्ट्याकडे पाहून कोणालाही वाटावं की धातूच खोटा, आणि गिऱ्हाइकाला तसंच वाटतं. मखमली डबी दिसते राजेशाही, पण आतलं कापड कशाने चिकटवलंय आणि कशाने रंगवलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. चांदीसाठी त्यापेक्षा साधी आम्लरहित टिश्यू, हवा काढून बंद केलेली झिपची पिशवी आणि आत अँटी-टार्निश कागदाचा एक तुकडा, एवढं बरं. वर हवी तर डबी.

ऑक्सिडाइज्ड दागिन्यांची गंमत अशी, की तिथे तोच काळेपणा मुद्दाम आणलेला असतो. नावात ऑक्सिजन असला तरी चांदीवरचा तो थर बहुतेक वेळा सल्फाइडचाच. नक्षीच्या खाचांत काळं राहतं, उठावाचा भाग पुसून चमकवलेला, त्यामुळे काम उठून दिसतं. घरी गेल्यावर मात्र कोणी सासूबाई तो दागिना 'मळला' म्हणून टूथपेस्टने घासतात आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो की रंग गेला. 'हा काळा रंग नक्षीचा भाग आहे, घासू नये' हे एक वाक्य कार्डाच्या मागे छापलं असतं तर तो फोन आला नसता.

मोत्यांचा न्याय उलटा. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, थरांना धरून ठेवणारं थोडं सेंद्रिय द्रव्य आणि किंचित पाणी. त्याला अत्तर, घाम, लिंबू, व्हिनेगर यांतलं काहीच सोसत नाही आणि तो मऊ असल्याने शेजारच्या खड्याने ओरखडतो. चांदीसारखं त्याला प्लास्टिकमध्ये कायमचं कोंडणंही बरं नाही, फार कोरडा पडला तर तडकतो. त्यामुळे चांदीच्या तारेत गुंफलेल्या मोत्यांच्या नथीसाठी पॅकिंग ठरवताना तडजोडच करावी लागते. माझा कौल मऊ सुती बटव्याला, आणि प्रवासापुरत्या बाहेरच्या पिशवीला. टेराकोटाला ना गंधकाचं भय ना कोरडेपणाचं, पण तो कुरिअरच्या गोदामात फुटतो. कापडाचे, रेशीमदोऱ्याचे आणि क्विलिंगच्या कागदाचे दागिने पावसाळ्यात बुरसतात नाहीतर मऊ पडतात. प्रत्येकाची कुंडली निराळी. एकच सुंदर डबी सगळ्या मालाला लावण्याचा मोह इथेच सोडावा लागतो.

पॅकिंगची खरी परीक्षा घेतात ते मात्र हलव्याचे दागिने. लग्नानंतरची पहिली संक्रांत किंवा बाळाचं बोरन्हाण आलं की काळ्या साडीवर, काळ्या झबल्यावर हे पांढरे हार, बाजूबंद, मुकुट, बाळाची बासरी शोधत घरोघर फोन फिरतात. मंद आचेवर खसखशीच्या किंवा तिळाच्या दाण्यावर थेंबथेंब पाक घालत, हलवत, काटा फुलवायचा. मग ते दाणे दोऱ्यात ओवायचे, तारेला बांधायचे, जरीच्या कागदावर बसवायचे. इतकं करून हाती येतो तो साखरेचा दागिना, म्हणजे हवेतला ओलावा ओढून घेणारा, मुंग्यांना बोलावणारा आणि एकमेकांवर घासला की काटे झडणारा.

पुण्यात जानेवारीची हवा कोरडी असते, तिथे निभावतं. मुंबईत आणि कोकणात दाणे चिकट होतात, रंगीत दोऱ्याचा रंग पांढऱ्यावर उतरतो. परदेशात राहणाऱ्या लेकीसाठी डिसेंबरातच पाठवलेल्या पार्सलाला तर विमान, गोदाम आणि तिकडची बंद खोलीतली ऊब असं सगळं सोसायचं असतं. हे काम वर्षानुवर्षं करणाऱ्या बायकांची पद्धत पाहण्यासारखी आहे. हार खोक्यात नुसता ठेवत नाहीत. जाड पुठ्ठ्यावर ठेवून त्याला दोन-तीन ठिकाणी दोऱ्याने टाचतात, म्हणजे खोकं उभं धरलं तरी हार हलत नाही. वर बटर पेपर, त्यावर झाकण, आणि झाकण दाण्यांना टेकणार नाही एवढी उंची. अलीकडे ओलाव्यासाठी सिलिका जेलची पुडी टाकतात. कल्पना चांगली, पण बोरन्हाणाच्या खोक्यात हात घालणारं मूल वर्षाचं असतं आणि जेलचे दाणे थेट हलव्यासारखे दिसतात. पुडी घालायचीच तर ती पुठ्ठ्याच्या खालच्या बाजूला चिकटवावी आणि वरच्या कार्डावर तसं ठळक लिहावं. त्याच कार्डावर दुसरी ओळही हवी: हे खायचं आहे की नाही. तार, गोंद आणि जरीचा कागद लागलेला दागिना मुलाच्या हाती द्यायचा असेल तर ही ओळ देवनागरीत, मोठ्या अक्षरात आणि झाकणाच्या आतल्या बाजूला लिहावी. बाहेरची वेष्टनं फाडून फेकली जातात.

आता खरं सांगण्याचं. टॅगवरची चार वाक्यं बाजारातल्या चालू शब्दांत लिहिली की फसगत सुरू होते, आणि ती बहुतेक वेळा जाणूनबुजून नसते. जर्मन सिल्व्हर हे तांबं, जस्त आणि निकेल यांचं मिश्रण. त्यात चांदीचा कणही नाही. हे ठाऊक नसलेलं गिऱ्हाईक ते चांदी समजून घेतं, आणि ज्यांच्या कानाला निकेल सोसत नाही त्यांना पाळीपाशी खाज सुटते, पाणी धरतं. 'मिश्रधातू, निकेल आहे' हे लिहिलं तर एखादी विक्री जाईल. जाऊ द्यावी. वन ग्रॅम म्हणून विकल्या जाणाऱ्या दागिन्यात बहुधा पितळेवर किंवा तांब्यावर सोन्याचा मुलामा असतो. ग्रॅमभर सोनं आहे असं कोणी समजलं तर तो फसला. मोती काचेचे, शिंपल्याच्या भुकटीचे की कल्चर्ड, हेही नीट लिहिता येतं, फक्त ठरवावं लागतं.

९२५ हा आकडा चांदीच्या टॅगवर सर्रास दिसतो. हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी, असा त्याचा अर्थ. आकडा छापणं सोपं आहे, पण तो हॉलमार्क नव्हे. सोन्याच्या दागिन्यांना भारतीय मानक ब्यूरोचं हॉलमार्किंग १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं, आणि जिथे ते सक्तीचं आहे तिथे १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असल्याशिवाय दागिना विकता येत नाही. ती खूण दागिन्यावर उमटवलेली असते, कार्डावर छापलेली नव्हे. चांदीला हॉलमार्क ऐच्छिक ठेवलेला आहे. तो नसेल तर चांदी कुठून घेतली, पावती आहे का, आणि परत घेताना काय धरणार, हे तुम्ही सांगू शकता. पेढी हेच तर करत आली.

'हाताने केलेलं' या शब्दांनाही थोडी शिस्त हवी. पुण्यात रविवार पेठेतून मणी, लटकन आणि हुक आणून ओवलेली माळ हातचीच असते, यात वाद नाही. पण तार ओढून, कडी घडवून, डाख देऊन केलेल्या कर्णफुलांशेजारी ती मांडली आणि दोन्हींवर एकच शिक्का मारला, तर दोन्ही कारागिरांवर अन्याय होतो. 'मणी बाजारातले, गुंफण आमची' असं एका छोट्या उद्योगाच्या कार्डावर वाचलं होतं. मला तो मजकूर छापील सोनेरी फॉइलपेक्षा मोलाचा वाटला.

गावाच्या नावाचंही तसंच. कोल्हापुरी साज ही घडण आहे, आणि ती कोल्हापूरच्या गुजरीबाहेरही अनेक ठिकाणी होते. मग 'कोल्हापुरी घडणीचा साज, नाशिकमध्ये केलेला' असं लिहायला हरकत काय? याच्या उलटही घडतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत घराघरांत चांदीच्या पैंजणांच्या कड्या जुळवल्या जातात. तो माल घाऊक व्यापाऱ्यांच्या हातून देशभर जातो आणि पायात घालणारीला हुपरी कुठे आहे हेही माहीत नसतं. तिथल्या एखाद्या घराने थेट विकायला सुरुवात केली तर टॅगवर पहिला शब्द गावाचा असावा, त्यानंतर स्वतःचं नाव.

कायद्याचा भाग लहान आहे, पण टाळता येत नाही. वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे गिऱ्हाईक समोर नसताना आधीच ठरावीक प्रमाणात बंद करून ठेवलेल्या मालावर काही माहिती द्यावीच लागते. करणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं सर्वसाधारण नाव, नग किती, महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, तक्रारीसाठी फोन किंवा ईमेल. माल बाहेरच्या देशातला असेल तर तो देशही. प्रदर्शनात उघड्यावर टांगलेले झुमके गिऱ्हाइकाने निवडले आणि मग तुम्ही समोर पुडीत घातले तर ते या व्याख्येत बसत नाही. सीलबंद डबी बसते. घरच्या पत्त्याबद्दल अनेकजणी बिचकतात, आणि एकट्या राहणाऱ्या बाईचं बिचकणं रास्तच आहे. उद्योगाची नोंद करतानाच पत्ता कुठला द्यायचा याचा विचार करून ठेवावा, हे त्यावरचं व्यवहारी उत्तर. टॅग छापायच्या दिवशी तो प्रश्न सुटत नाही.

प्लास्टिकबद्दलही दोन शब्द. महाराष्ट्राने मार्च २०१८मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदीची अधिसूचना काढली, पुढे नियमांत बदल होत गेले. मूठ असलेली पातळ पिशवी तर कधीच नको. खणाच्या किंवा इरकलीच्या उरलेल्या तुकड्यांचा बटवा हा तिच्या जागी चांगला पर्याय, आणि तो फेकला जात नाही. सराफाच्या जुन्या डबीत सेफ्टी पिना, टिकल्यांची पाकिटं आणि परदेशातून आणलेली नाणी वर्षानुवर्षं राहतात, हे कुठल्याही मराठी घराचं कपाट उघडून पाहावं. बटवाही तसाच राहतो. फक्त त्याच्या आत नाव शिवलेलं असावं.

आता कार्ड. झुमक्यांचं कार्ड वरवर अगदी सोपं वाटतं, दोन भोकं आणि वर नाव. प्रत्यक्षात चुका इथेच जास्त. कागद ३०० जीएसएमपेक्षा पातळ असला तर झुमक्यांच्या वजनाने कार्ड पुढे वाकतं आणि स्टँडवर सगळी रांग मान खाली घातल्यासारखी दिसते. दोन भोकांमधलं अंतर झुमक्याच्या घेरापेक्षा जास्त हवं, नाहीतर दोन्ही झुमके एकमेकांवर चढतात आणि मीनाकाम खरवडतं. नाव मधोमध छापलं तर ते दागिन्यामागे झाकलं जातं. त्याला वरचा तिसरा भाग द्यावा. कुडीसारख्या दांडीच्या कानातल्यांना भोक दांडीएवढंच हवं, सैल भोकात ती फिरतात आणि फुलाची पाकळी उलटी दिसते. कार्ड काढल्याशिवाय कानापाशी धरून आरशात पाहता यावं, ही शेवटची कसोटी. स्टॉलवर पाच मिनिटं उभं राहून पाहा, विकत घेण्याआधी बाई नेमकं हेच करते.

नथीला वेगळी वागणूक लागते. तिची तार नाजूक, त्यामुळे ती कडक पुठ्ठ्यावर बसवावी आणि वरून काही दाबू नये. दाबाची की टोचलेल्या नाकाची, हे पुढच्याच बाजूला लिहावं. मागे लिहिलं तर कोणी वाचत नाही आणि नथ परत येते. ठुशीला यू आकाराचं कार्ड लागतं, मागचे गोंडे कार्डाच्या खाचेतून पलीकडे घेऊन बांधायचे. साखळीसाठी वरच्या कडेला दोन बारीक चिरा पुरतात. गुंतलेली साखळी उलगडत बसलेलं गिऱ्हाईक पुन्हा येईल याची खात्री नसते.

कागद निवडताना हातकागदाचा विचार जरूर करावा. पुण्यात शिवाजीनगरला १९४०मध्ये सुरू झालेली हातकागद संस्था आहे. कापडाच्या चिंध्यांपासून केलेल्या त्या कागदाला खरखरीत पोत आणि विरलेली कड असते, हाती घेतला की यंत्राचा नाही हे न सांगता कळतं. पण शाई त्यावर पसरते, बारीक अक्षर फुगतं आणि किमतीचं स्टिकर दोन दिवसांत सुटतं. त्यावर रबरी शिक्का किंवा स्क्रीन प्रिंट करावं, बारीक मजकुरासाठी वेगळी पट्टी जोडावी. उलट चकचकीत आर्ट कार्डवर जेल पेनने किंमत लिहिली की अंगठ्याला शाई लागते, त्यावर बॉलपेन किंवा परमनंट मार्कर चालतो. क्राफ्ट कागद आता इतका सगळीकडे झाला आहे की तो 'घरगुती' दिसतो, एवढंच त्याच्याबद्दल म्हणता येईल. त्यावर सोनेरी छपाई उठत नाही, काळीच करावी.

देवनागरीतून टॅग छापणाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकण्यासारखी असतात, कारण चूक बहुधा छापखान्यात कळते आणि तोवर हजार कार्डं निघालेली असतात. संगणकावर 'निर्मिती' बरोबर दिसतं आणि दुसऱ्या मशीनवर फाइल उघडली की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, रफार हरवतो, जोडाक्षराचे पाय मोडतात. फाइल देण्याआधी अक्षरं कर्व्हमध्ये बदलून द्यायची, म्हणजे फाँट त्या मशीनवर नसला तरी आकार तसाच राहतो. दुसरी गोष्ट उंचीची. इंग्रजी अक्षरांना जेवढी ओळ पुरते तेवढ्या जागेत मराठी कोंबलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. टॅगवरचं मराठी इंग्रजीपेक्षा थोड्या मोठ्या आकारात आणि ओळींत ऐसपैस जागा सोडूनच लावावं. त्यासाठी वीस शब्दांचे बारा करावे लागले तर करावेत. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू हे फाँट मोफत मिळतात, धंद्यासाठी वापरायलाही मुभा आहे. बारीक मजकुराला मुक्ता चांगला, बलूचं गोबरं अक्षर नावापुरतं ठेवावं. सुलेखनातलं नाव सुंदर दिसतं यात शंका नाही, पण ते नखाएवढ्या टॅगवर वाचता येतं का, हे छापण्याआधी चष्मा नसलेल्या कोणाला तरी दाखवून पाहावं.

पैशांचं गणित बहुतेकजण शेवटी मांडतात. धरा, १८० रुपयांचे झुमके आहेत. चुंबकाची पुठ्ठ्याची डबी ४५ रुपये, बटवा १५, कार्ड ४, रिबीन आणि आभाराची चिठ्ठी मिळून ६. सत्तर रुपये गेले आणि अजून दागिना बाहेर पडलेला नाही. हेच पॅकिंग १,८०० रुपयांच्या चांदीच्या सेटला शोभतं. स्वस्त मालाला कार्ड, टिश्यू आणि शिक्का मारलेलं पाकीट पुरे. भेट द्यायची असेल तर डबी वेगळी, तिची किंमतही वेगळी आणि उघड. मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत डब्या घाऊक घेतल्या की दर उतरतो, पण घरात खोक्यांचा डोंगर उभा राहतो आणि त्याचं भाडं कोणी हिशेबात धरत नाही.

कुरिअरचा हिशेब त्याहून फसवा. बऱ्याच कंपन्या खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त ते धरतात. सेंटिमीटरमध्ये लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून ५,०००ने भागायचं, की किलो येतात. २० बाय २० बाय १० सेंटिमीटरचं खोकं म्हणजे ८०० ग्रॅम, मग आत तीस ग्रॅमची ठुशी का असेना. तेच २० बाय १५ बाय ८ केलं तर ४८० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोच्या आत. डबी ठरवताना आधी हे बाहेरचं माप ठरवावं आणि मग आत शिरावं. आम्ही उलट करतो, सुंदर डबी घेतो आणि तिला मावेल असं खोकं शोधत फिरतो. बाहेरचं खोकं तीन पदरी कोरूगेटेड हवं, आणि हलवून पाहिल्यावर आतून आवाज येता कामा नये.

पहिल्या खेपेला शंभराच्या वर काही छापू नये, हा माझा आग्रह आहे. लग्नपत्रिकांचा छापखाना हजाराचा दर सांगून भुलवतो. पण फोन नंबर बदलतो, किंमत बदलते, नियमातली एखादी ओळ बदलते, आणि उरलेल्या आठशे कार्डांवर स्टिकर चिकटवत बसावं लागतं. सुरुवातीला नावाचा एक रबरी शिक्का, महिना-वर्षाचा फिरता शिक्का आणि कोरी कापलेली कार्डं एवढ्यावर पहिला दिवाळीचा हंगाम आरामात निघतो. डाय करून घ्यायची ती आकार पक्का झाल्यावर. तोवर कात्री आणि पंच पुरतो. पुस्तकाच्या शेवटी झुमके, कुडी, नथ, ठुशी आणि साखळी यांच्या कार्डांचे साचे मूळ मापात दिले आहेत. त्यांची झेरॉक्स काढताना मशीन शंभर टक्क्यांवर आहे ना हे पाहून घ्या. पानाला बसवण्याचा पर्याय चालू राहिला तर साचा लहान होतो आणि भोकांचं अंतर चुकतं.